कोर्सच्या नावामागे काय असतं

अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजात पदवी मिळवायला ३२ कोर्स लागतात. विल्यम्समध्येही तेवढेच, शिवाय जानेवारीतल्या छोट्या हिवाळी सत्रांचं काम वेगळं. चार वर्षं, आठ सत्रं, दर सत्राला चार कोर्स असा हा हिशोब. त्यातले दहा-बारा मुख्य विषयात जातात. एखादी नवी भाषा हाती घेतली तर तीन-चार तिथे खर्ची पडतात. विज्ञान, गणित, अर्थशास्त्र यांना सहा-सात द्यावे लागतात. मुख्य विषय मानव्यविद्येतला नसेल, तर इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, धर्म, कलेचा इतिहास आणि अभिजात भाषा या सगळ्यांना मिळून दहाच्या आसपास जागा उरतात. समोरच्या यादीत मात्र शेकडो कोर्स असतात. अठरा वर्षांच्या मुलीने यातून दहा कसे निवडायचे?

महाराष्ट्रातल्या घरांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. पुण्यात सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्सचं कॉलेज २०११ मध्ये सुरू झालं, फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, सोनीपतच्या अशोका विद्यापीठाची सुरुवात २०१४ ची. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे गावातल्या साध्या कॉलेजात बीए करणाऱ्यालाही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी निवड करावी लागते. पूर्वी पुणे विद्यापीठात एफवायला घेतलेल्या विषयांतला एक पुढे ‘स्पेशल’ ठेवायचा, एवढंच ठरवावं लागे. ‘स्पेशल काय?’ या एका प्रश्नावर आर्ट्सच्या मुलाची चौकशी संपायची. आता जवळपास दर सत्राला काहीतरी ठरवावं लागतं. ते ठरवताना हाताशी असतं कोर्सचं नाव, वेळापत्रकातला रिकामा तास आणि ‘तिथे मार्क चांगले पडतात’ हा सीनियर्सचा निरोप.

विषय लादावेत की निवडू द्यावेत, यावर गेली दोनशे वर्षं वाद चालला आहे. तो मुळापासून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की लादणं आणि मोकळीक या दोन्ही बाजू एका साध्या गोष्टीकडे कानाडोळा करतात. मुलाला कोर्सच्या आत डोकावता आलं पाहिजे. तिथे नेमकं काय वाचायचं आहे, किती लिहायचं आहे आणि लिहिलेलं कोण वाचणार आहे, हे आधी कळलं तरच निवडीला अर्थ आहे. ते कळत नसेल तर शंभर कोर्सची यादी देऊनही मुलाला आपण काहीच दिलेलं नसतं.

निवड ही गोष्टच तशी अलीकडची. येलच्या प्राध्यापकांनी १८२८ मध्ये एक अहवाल काढून लॅटिन आणि ग्रीकचा सक्तीचा अभ्यास ठामपणे उचलून धरला. मनाला शिस्त लागते ती याच भाषांनी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी ही चौकट जवळजवळ मोडीत काढली आणि विद्यार्थ्याला हवे ते विषय घेऊ दिले. परिणाम दोन्ही झाले. ज्यांना काय हवं ते माहीत होतं, त्यांना एवढं मोकळं रान पूर्वी कधी मिळालं नव्हतं. ज्यांना ते माहीत नव्हतं, ते सकाळी उशिरा भरणाऱ्या आणि सोप्या वर्गांकडे वळले. १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी मग मधली वाट काढली: एका विषयात खोल जा आणि बाकीच्या क्षेत्रांतून थोडे थोडे घ्या. आज अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत, आणि आपल्या मेजर-मायनरच्या रचनेतही, याच तडजोडीच्या खुणा दिसतात.

काहींना ही तडजोड पटली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सावलीत, १९१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने ‘समकालीन संस्कृती’ हा सर्वांसाठी एकच कोर्स सुरू केला आणि १९३७ मध्ये त्याला साहित्याचा सक्तीचा कोर्स जोडला. हे दोन्ही आजही चालतात. लहान गटात गोलाकार बसून सगळे विद्यार्थी त्याच आठवड्यात तेच पुस्तक वाचतात. त्याच १९३७ साली ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजने याहून टोकाचं पाऊल उचललं. तिथे मेजर नाही, मायनर नाही आणि निवडही जवळपास नाहीच. होमरपासून सुरुवात करून चार वर्षं सगळ्यांनी एकच ग्रंथमाला वाचायची, ग्रीक आणि फ्रेंच शिकायची, युक्लिडची प्रमेयं फळ्यावर सिद्ध करून दाखवायची.

दुसऱ्या टोकाला ब्राऊन विद्यापीठ. तिथे आयरा मॅगझिनर आणि एलियट मॅक्सवेल या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या एका दीर्घ अहवालातून १९६९ मध्ये ‘ओपन करिक्युलम’ आला. मुख्य विषयाच्या अटी सोडल्या तर काय घ्यायचं ते विद्यार्थ्याने ठरवायचं. बहुतेक कोर्स श्रेणीशिवायही घेता येतात, त्यामुळे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी गुणांची धास्ती न बाळगता संस्कृत नाटकांच्या वर्गात बसू शकतो. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेल इथेही पहिल्या वर्षाचा एक चर्चावर्ग सोडला तर सर्वांना सक्तीचं असं काही नाही.

सक्ती ठेवायची म्हटली, की सक्ती कशाची हा प्रश्न मागोमाग येतो. स्टॅनफर्डने १९८८ मध्ये ‘पाश्चात्त्य संस्कृती’चा सक्तीचा कोर्स मोडून त्याऐवजी अधिक व्यापक यादीचा कोर्स आणला, तेव्हा देशभर वादळ उठलं. अलीकडचं उदाहरण ओरेगॉनच्या रीड कॉलेजचं. तिथे पहिल्या वर्षाच्या सर्वांना मानव्यविद्येचा एक वर्षभराचा कोर्स घ्यावाच लागतो. २०१६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी त्याच वर्गात बसून आंदोलन सुरू केलं. ग्रीस-रोम सोडून जगात कुणी विचार केलाच नाही का, असा त्यांचा सवाल होता. २०१८ पासून त्या कोर्समध्ये प्राचीन भूमध्य जगाच्या जोडीला मेक्सिको सिटी आणि हार्लेम आले. सिंगापूरच्या येल-एनयूएस कॉलेजने मात्र पहिल्या दिवसापासूनच, म्हणजे २०१३ पासून, रामायण आणि ओडिसी एकाच कोर्समध्ये ठेवले होते. कन्फ्यूशियस आणि ॲरिस्टॉटलही तिथे एकाच टेबलावर वाचले जात. ते कॉलेज २०२१ मध्ये विलीनीकरणाचा निर्णय होऊन २०२५ मध्ये बंद झालं, याची मला फार खंत वाटते. आशियातल्या मुलांसाठी समान वाचनाचा इतका नेटका प्रयोग दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

या भांडणात मी एका गोष्टीच्या बाजूने आहे: पहिल्या वर्षी सगळ्यांना समान असा एक कोर्स असावा. त्यातला प्रत्येक ग्रंथ थोर असतो म्हणून मी हे म्हणत नाही. वसतिगृहाच्या जेवणाच्या टेबलावर गणितवाली आणि इतिहासवाला एकाच पुस्तकावर भांडू शकतात, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मात्र हा कोर्स एकच असावा आणि त्यापुढे मोकळीक असावी.

मोकळीक मिळाल्यावर माणूस काय करू शकतो, याचं आपल्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकर. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै १९१३ मध्ये कोलंबियात पोचले. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते, त्यामुळे कॉलेजच्या पदवीचे नियम त्यांना लागू नव्हते. पण निवडीचा प्रश्न तोच होता आणि मुदत शिष्यवृत्तीने बांधलेली होती. त्यांच्या विद्यापीठातल्या नोंदीनुसार तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक कोर्स घेतला. मुख्य विषय अर्थशास्त्र, हे आकड्यांवरूनच कळतं. पण या यादीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते मानववंशशास्त्राचे चार. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींविषयीचा निबंध वाचला. जातीच्या घडणीवर त्यांनी पुढे आयुष्यभर जे लिहिलं, त्याची सुरुवात या ‘बाजूच्या’ विषयात झाली. जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांचा ठसाही त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ड्यूईंकडे बसायलाच हवं, असं काही नव्हतं.

याच आयुष्यात निवड नाकारली जाण्याचाही प्रसंग आहे आणि तो विसरून चालणार नाही. मुंबईच्या शाळेत असताना अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत घेऊ दिलं गेलं नाही, त्याऐवजी फारशी घ्यावी लागली. ज्या ग्रंथांनी त्यांच्या समाजाचं जगणं बांधून टाकलं होतं, त्यांची भाषा त्यांना पुढे स्वतःच्या कष्टाने गाठावी लागली. विषयांच्या यादीतून कुणाला काय वाचायला मिळतं आणि कुणाला नाही हे ठरतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

गोव्यातल्या कोसबेन इथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये गणित शिकत होते. बर्कहॉफ यांच्यासारखा श्रेष्ठ गणिती त्यांना गणितावरच लक्ष द्यायला सांगत होता, पण कोसंबी कितीतरी वेगवेगळे कोर्स घेत राहिले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानाने पदवीधर झाले. पुढे त्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, प्राचीन नाण्यांची वजनं मोजून त्यांवर संख्याशास्त्र चालवलं, १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ लिहिला. नाण्यांचं काम केवळ गणित येणाऱ्याला जमलं नसतं आणि केवळ इतिहास शिकलेल्यालाही जमलं नसतं. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र आणि तिथून बर्लिनला मानववंशशास्त्र. त्यांच्या ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांकडे पाहणारी जी नजर आहे, ती या तिन्ही विषयांतून गेलेल्या बाईची आहे.

थोरांची उदाहरणं देऊन सामान्य विद्यार्थ्याला दिपवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या निवडीत उचलण्यासारखी गोष्ट साधी आहे. मनात एक प्रश्न होता आणि त्या प्रश्नाला लागतील ते विषय त्यांनी गोळा केले. अठराव्या वर्षी प्रश्न इतका स्पष्ट नसतो, हे खरं. पण ‘आमच्या गावातलं पाणी कुणाच्या वाट्याला का येतं’, ‘आजीला शाळेत का घातलं नाही’, असे प्रश्न प्रत्येकाकडे असतात. दुसऱ्या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाचा इतिहास लागेल, स्त्रियांच्या आत्मकथनांचा कोर्स लागेल, कायद्याच्या इतिहासाचा एखादा लागेल. एवढ्यात तीन जागा भरल्या, आणि त्या एकमेकींशी बोलणाऱ्या आहेत.

आता कोर्सच्या आत डोकावू. समजा, ‘आधुनिक महाराष्ट्राची जडणघडण’ या एकाच नावाचे दोन कोर्स आहेत. पहिल्याच्या माहितीपत्रकात चार घटक आहेत: ब्रिटिश राजवट, समाजसुधारणा, स्वातंत्र्य चळवळ, संयुक्त महाराष्ट्र. खाली वीस संदर्भग्रंथांची यादी. मूल्यमापन म्हणजे एक चाचणी, एक गटाने करायचं सादरीकरण आणि शेवटी लेखी परीक्षा. दुसऱ्याच्या पत्रकात आठवड्यांचा तक्ता आहे. पहिले दोन आठवडे जोतीराव फुल्यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’, पूर्ण. मग हंटर आयोगापुढचं त्यांचं १८८२ चं निवेदन आणि त्याच वर्षीची ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथातली दोन प्रकरणं. शेवटी आंबेडकरांचं १९३६ चं न झालेलं भाषण, ‘जातिप्रथेचं निर्मूलन’. लेखन चार निबंधांचं, प्रत्येकी तीन-चार पानं, आणि पहिला निबंध शेरे मिळाल्यावर पुन्हा लिहायचा.

पहिला कोर्स सोपा आणि दुसरा अवघड, एवढ्यावर हा फरक संपत नाही. पहिल्या कोर्समध्ये वीस पुस्तकं आहेत, पण कुणी एकही उघडणार नाही, कारण सोमवारी काय वाचून यायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्यात पाच-सहाच संहिता आहेत आणि त्यांच्यापासून सुटका नाही. ‘समाजसुधारणा’ या घटकावर दहा गुणांचं उत्तर लिहिता येतं ते सुधारकांची नावं पाठ करून. ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचलेल्या मुलीला ताराबाईंचा राग कानात घेऊन वर्गात यावं लागतं.

पुन्हा लिहायचा निबंध ही बाब तर मला सगळ्यात मोठी वाटते. पहिल्या खर्ड्यात विद्यार्थी हमखास लिहितो: ‘महात्मा फुले यांनी शिक्षणाचे महत्त्व ओळखले.’ समासात शिक्षक विचारतात: कुठे? कुणाला सांगितलं? कोणत्या शिक्षणाचं? मग तो निवेदन पुन्हा उघडतो. त्याच्या लक्षात येतं, की फुले सरकारला सांगत होते ते फार नेमकं होतं: महसूल येतो शेतकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा आधी गावागावांत प्राथमिक शिक्षण द्या आणि ते ठरावीक वयापर्यंत सक्तीचं करा. दुसऱ्या खर्ड्यातलं वाक्य आता करवसुली आणि अंदाजपत्रक यांच्याबद्दल बोलतं, आणि त्याच्या पुढचं वाक्य आपोआप वादाचं होतं. मानव्यविद्या शिकवते म्हणजे नक्की काय शिकवते, असं कुणी विचारलं तर मी या दोन खर्ड्यांमधलं अंतर दाखवीन.

म्हणूनच लिहिलेलं कोण वाचणार हा प्रश्न विचारायचा. विल्यम्समध्ये ‘ट्युटोरियल’ नावाचे कोर्स असतात. जास्तीत जास्त दहा विद्यार्थी, त्यांच्या जोड्या. दर आठवड्याला जोडीतल्या एकाने पाच-सात पानांचा निबंध लिहून वाचायचा, दुसऱ्याने त्यावर टीका करायची, शिक्षकांनी दोघांना ऐकायचं. पुढच्या आठवड्यात भूमिका उलट. तिथे लपायला जागाच नाही. स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक आयडेलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर ‘ऑनर्स’ची पद्धत आणली. तिथे शेवटची परीक्षा बाहेरून आलेले परीक्षक घेतात. त्यामुळे वर्गातला शिक्षक परीक्षक उरत नाही, मुलांच्या बाजूने उभा राहतो. आपल्याकडे शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात हे कुठून जमणार, असं कुणी म्हणेल. सगळ्या कोर्समध्ये नाहीच जमणार. पण दर वर्षी निदान एक कोर्स असा घ्यावा, जिथे शिक्षक तुमचं लिखाण ओळीओळीने वाचतात. कॉलेजात असे एक-दोन सर किंवा मॅडम असतातच आणि सगळ्यांना ते माहीत असतात. त्यांचा विषय आवडीचा नसला तरी तो घ्यावा.

चॅटजीपीटी आल्यापासून या मुद्द्याला नवी धार आली आहे. घरून लिहून आणलेला निबंध कुणाचा हे ओळखणं कठीण झाल्यामुळे अनेक शिक्षक पुन्हा वर्गात बसून हाताने लिहिण्याकडे आणि तोंडी परीक्षेकडे वळले आहेत. कोर्स निवडताना हेही पाहावं. समोर बसून आपलं म्हणणं मांडायला लावणारा वर्ग आता अधिक मोलाचा आहे. तिथे जायला भीती वाटते, हेच तिथे जाण्याचं कारण असू शकतं.

क्रमाचंही भान हवं. अमेरिकेत कोर्सच्या क्रमांकावरून पातळी कळते: शंभरचे पायाभूत, दोनशेचे मधले, तीनशेच्या पुढचे खोल. अनेक मुलं आठही सत्रं पायाभूत कोर्सच घेत राहतात. तत्त्वज्ञानाची ओळख, मानसशास्त्राची ओळख, चित्रपटाची ओळख. पदवी हातात येते तेव्हा त्यांची सगळ्यांशी तोंडओळख झालेली असते आणि कुणाशीच मैत्री झालेली नसते. दहा मोकळ्या जागा असतील तर त्यातल्या निदान चार एकाच दिशेने चढत गेलेल्या असाव्यात, मग ती दिशा मुख्य विषयाची नसली तरी चालेल.

भाषा लवकर सुरू करावी. ती तिसऱ्या वर्षी सुरू केली तर मूळ ग्रंथापर्यंत पोचेपर्यंत कॉलेज संपतं. पाली, संस्कृत, फारशी, जर्मन, काहीही चालेल. आणि मराठीही. पुण्यात राहून चार वर्षं मानव्यविद्या शिकलेल्या मुलीने एकही मराठी पुस्तक मुळातून न वाचता पदवी घेणं आज सहज शक्य आहे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनी तर मराठी साहित्याचा कोर्स मुद्दाम शोधावा. घरात बोलली जाणारी भाषा विचारासाठीही वापरता येते, हे कळायला एवढा एक कोर्स पुरतो.

कॉलेज कुठे आहे याचा विचार कोर्स निवडताना फारसं कुणी करत नाही. ॲमहर्स्टच्या विद्यार्थ्याला शेजारच्या स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले कोर्सही घेता येत आले आहेत. ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर यांचीही अशी देवघेव आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याचं भाग्य निराळं आहे. पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ असं जवळपास अर्धं शतक महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचा कोर्स घेणाऱ्याने सोबत मोडी लिपी शिकली तर दुसऱ्या वर्षी तो कुणीही न वाचलेला कागद वाचत असेल. बोस्टनच्या उत्तमोत्तम कॉलेजातल्या मुलाला ही संधी नाही. जे आपल्या हाताच्या अंतरावर आहे त्याच्याभोवती दोन कोर्स बांधणं, हे मला इथल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

नोकरीचं काय, हा प्रश्न पालक विचारणारच आणि तो रास्त आहे. अमेरिकेतल्या नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजचा एकूण खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. कर्ज काढून तिथे जाणाऱ्याला ‘मनाची मशागत’ एवढं उत्तर पुरत नाही. २००८ च्या मंदीनंतर तिथे इतिहास आणि इंग्रजी हे मुख्य विषय घेणाऱ्यांची संख्या सतत घसरत गेली. २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या मेरीमाउंट विद्यापीठाने इंग्रजी, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे मुख्य विषय बंद करायचं ठरवलं, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने परदेशी भाषांचं शिक्षण जवळजवळ गुंडाळलं. तेव्हा अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र मुख्य ठेवून मानव्यविद्येचे आठ-दहा कोर्स नीट घेणं, हा मार्ग मला अजिबात कमीपणाचा वाटत नाही. त्यासाठीच तर ही कॉलेजं आहेत. फक्त ते आठ-दहा कोर्स वेळापत्रकातल्या भोकांना लावलेली ठिगळं नसावीत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला स्पर्धा परीक्षांची बाजू आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखी गुण १७५०, त्यातले ५०० वैकल्पिक विषयाचे आणि २५० निबंधाचे. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली. त्यामुळे ‘ऑप्शनल म्हणून चालेल’ या एकाच निकषावर इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, मराठी साहित्य हे विषय घेतले जातात. यात गैर काही नाही. गडबड होते ती कोर्सला क्लासच्या नोट्सचं रूप आल्यावर. वर्णनात्मक परीक्षेला लागतं ते नेमकं वाचन आणि मुद्देसूद लेखन, आणि ते मूळ संहिता वाचायला लावणाऱ्या, खर्डे परत करणाऱ्या वर्गातच घडतं. तयारी करणाऱ्या मुलानेही दोन कोर्समधून दुसऱ्या प्रकारचाच निवडावा, तो ‘स्कोरिंग’ वाटत नसला तरी.

राहिला आपल्या नेहमीच्या कॉलेजांचा प्रश्न. नवं धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षापासून लागू झालं. यात ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा, अशी अट आहे. म्हणजे बीकॉमची मुलं आणि बीएस्सीची मुलं आता मानव्यविद्येच्या वर्गात येऊन बसणार. कॉलेजच्या चार भिंतींत प्रथमच सक्तीने का होईना, शाखांमधला पडदा किलकिला होतो आहे, आणि मला ही मोठी घटना वाटते. पण प्रत्यक्षात विद्यार्थ्याला पुष्कळदा कॉलेज देईल तो एकमेव पर्याय घ्यावा लागतो, कारण शिक्षकच नाहीत आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. निवडीची भाषा बोलणाऱ्या शासनाने या जागा भरायलाच हव्यात. एकाच शिक्षकावर चालणाऱ्या विभागात मेजर-मायनरचा तक्ता कागदावरच राहतो.

शिक्षक येईपर्यंतही एक गोष्ट करता येईल आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक इलेक्टिव्हचं दोन पानी पत्रक लावावं: आठवड्याला काय वाचायचं, किती लिहायचं, कोण तपासणार. आणि ओपन इलेक्टिव्ह ठरवताना ‘ओळख’ देण्याचा मोह टाळावा. दोन श्रेयांकांचा कोर्स म्हणजे तीस तास. तीस तासांत भारतीय तत्त्वज्ञानाची ओळख होत नाही, नावांची यादी होते. ‘धम्मपदा’त ४२३ गाथा आहेत. तासाला चौदा-पंधरा गाथा घेतल्या तर तीस तासांत बीकॉमच्या वर्गाचं ते संपूर्ण वाचून होतं, मराठी अनुवाद हातात धरून आणि प्रत्येक गाथेवर प्रश्न विचारायला वेळ ठेवून.